आत्याचं गाणं कुणी मिटवलं

पोर्ट विला, ३ मार्च १९९७

आतोबा,

बायकोच्या भाचीने आतोबाला नमस्कार केला तर यामच्या कंदांना कीड लागते, असं लहानपणी तुम्हीच सांगितलं होतंत. म्हणून नमस्कार गाळते. टक्कल अजून चकाकतं का? इथे ओलेनच्या वस्तीत वीज सारखी जाते, आपल्या गावच्या बायका अंधारात तुमची आठवण काढतात.

आता कामाचं. आत्यांचं गाणं आमच्या बँडने रेकॉर्ड केलं आणि गेल्या आठवड्यापासून रेडिओ ते लावतोसुद्धा. नाताळात तुम्ही म्हणाला होतात, विजेची गिटार आणि आपलं नाचाचं गाणं म्हणजे कुटलेल्या नीरफणसात साखर. खाऊन बघा एकदा, वाईट लागत नाही. बांबू आपटायचा ठेका काल्सन ड्रमवर वाजवतो. तो इथल्याच एफाते बेटाचा, त्याला आपल्या गाण्यातलं अक्षर कळत नाही, पण ठोका चुकत नाही. आणि नीरफणस कुटता कुटता आत्या शेवटी ती लांब हाळी घालतात ना, वर वर जाणारी, ती मी गाण्याच्या अगदी शेवटी घातली. माझ्या आवाजात ती इतकी चांगली लागली की रेकॉर्ड करणारा माणूस कानावरचं यंत्र काढून नुसता बघत बसला. मी माझंच कौतुक करते आहे, कारण तुम्ही करणार नाही.

जूनच्या शेवटी समुद्रापार, फ्रेंचांच्या नूमेआला बेटाबेटांच्या गाण्यांचा मोठा मेळा आहे. त्यांच्या माणसाने टेप ऐकली आणि आम्हाला बोलावलं. हेच गाणं हवं म्हणाला. आपल्याकडून आजवर पुरुषांचेच बँड गेले, बायका मागे उभ्या राहून डोलायच्या. मी पुढे उभी राहून गाणार आहे.

गाण्याची परवानगी आत्यांनी दिली होतीच, पण समुद्रापार न्यायचं तर पुन्हा विचारायला हवं. कॅसेट पाठवते आहे. त्यांना ऐकवा आणि त्या काय म्हणतात ते कळवा. तुम्ही काय म्हणालात ते नाही लिहिलंत तरी चालेल.

तुमची डोकेदुखी,
मावीस


मोटालावा, १९ मार्च

डोकेदुखी,

कॅसेट पोचली. पण तिच्या आधी रेडिओवरून तुझं गाणं पोचलं, आणि गाण्याच्या पाठोपाठ माणसं पोचली.

त्या सकाळी तुझी आत्या दारात नीरफणस सोलत होती. मी जाळं दुरुस्त करत होतो, म्हणजे जाळ्याकडे बघत होतो. तेवढ्यात रा बेटाकडून, ओहोटीच्या उथळ पाण्यातून, बायकांची रांग येताना दिसली. डोक्यावर चटया, काखेत कोंबड्या आणि गळा काढून रडणं. मी म्हटलं, "कोण गेलं गं?" आत्या म्हणाली, "आपल्यातलंच कोणीतरी दिसतंय. थांबा, मीही जाते रडायला." हात धुतले, डोक्याला फडकं बांधलं आणि रडत रडत निघाली. वाटेत दोन्ही रडणी एकमेकांना भेटली. रांगेत पुढे राची म्हातारी होती. तिने हिला पाहिलं, किंकाळी फोडली आणि होती तिथे पाण्यात बसली.

मुली, तू शहरात, पोर्ट विलात वाढलीस, दोष तरी कुणाला द्यायचा? पहाटे नाच संपताना गाण्याची मालकीण शेवटची हाळी घालते आणि गाणं मिटवते, एवढं तुला माहीत आहे. पण ती हाळी दुसऱ्या बाईने घातली, तर त्याचा अर्थ एकच: मालकीण गेली आणि गाणं वारसाकडे आलं. चुलीपाशी गुणगुणलेलं कोणी धरत नाही. तू घातलीस रेडिओवर. सोला बंदराहून होडी आली, मोटा बेटाहून आली. ज्यांच्याशी आमचं भांडण आहे तेसुद्धा आले.

मेलेल्याच्या घरी आणलेलं परत नेत नाहीत. चटया राहिल्या, कोंबड्या राहिल्या आणि आलेल्यांना जेवायला घालणं आलं. मोटाच्या लोकांना वारा प्रतिकूल, ते अडकले. बसल्या बसल्या पाचवा दिवस उजाडला, मग पाचव्या दिवसाचं जेवणही करावं लागलं. तुझी आत्या स्वतःच्या पाचव्याला स्वतः वाढत होती. बायको मेल्यावर शंभर दिवस दाढी करायची नसते. मी करू की नको, हे गावात कोणी सांगेना.

हसण्यावारी गेलं असतं, पण चीफ सिलास हसणाऱ्यांतला नाही. त्याने तुझ्या गाण्यावर बंदीचं, नामेलेच्या झाडाचं पान लावलं. पान लावलं की खडकावरची मासळी धरत नाहीत, बागेतलं केळं तोडत नाहीत, हे ठीक. गाण्याला पान कुठे लावणार? त्याने ते माझ्या टेपरेकॉर्डरमध्ये खोचलं. आता ते गाणं कोणी वाजवायचं नाही, तू गायचं नाहीस, इथे नाही आणि नूमेआलाही नाही. शिवाय जिवंत बाईचं गाणं मिटवलं म्हणून आमच्या घराला दंड, सुळेवाला डुक्कर. "विजेच्या गिटारच्या नादी लागलेल्या पोरीकडून दुसरं काय होणार," असंही म्हणाला. ते मी म्हणणार होतो, त्याने माझ्या तोंडचा घास काढून घेतला.

नुकताच विधुर झालेला आणि अजून मार खाणारा,
होसेया


पोर्ट विला, २९ मार्च

आतोबा,

पत्र वाचून मी आधी हसले, मग रडले आणि काल्सनला सांगता सांगता पुन्हा हसले. त्याने विचारलं, "तुमच्याकडे गाणं संपवायलाही परवाना लागतो?" मी म्हटलं, "तुमच्याकडे संपतं तरी कधी?"

डुक्कर मी देईन, तुम्ही देऊ नका. सिलासकाकांना एवढं सांगा की गिटारचा यात काही संबंध नाही. हाळी मी तोंडाने घातली, तोंड मोटालावाचं आहे. नाचाच्या मैदानात गिटारशिवाय घातली असती तरी घोटाळा हाच झाला असता. त्यांना गिटार आवडत नाही तर तसं म्हणावं, गाण्याआडून बोलू नये.

पण आतोबा, तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात कोंबड्या आहेत, होड्या आहेत, तुमची दाढी आहे, आणि आत्यांचं म्हणणं कुठेच नाही. त्या काय म्हणाल्या? लोकांनी त्यांच्यासाठी जिवंतपणी रडून घेतलं, तेही माझ्यामुळे. गाणं त्यांचं आहे. त्यांच्या मनाला लागलं असेल तर मी नूमेआला जाणार नाही. चीफच्या पानाला मी घाबरत नाही, आत्यांच्या मनाला घाबरते. पुढच्याच विमानाने कळवा, आणि यावेळी सरळ लिहा.

मावीस


मोटालावा, ९ एप्रिल

मावीस,

सरळ लिही म्हणालीस म्हणून लिहितो. ती काहीच म्हणत नाही. पाचव्या दिवसानंतर गप्प झाली आहे. नीरफणस कुटते पण गुणगुणत नाही, नुसते ठोके ऐकू येतात. तुझं नाव काढलं की उठते आणि पाण्यातून चालत राला निघून जाते, ती दिवस कलल्यावर येते. चीफला डुक्कर पोचतं करतो म्हटलं, तर म्हणाली, "डुकराला हात लावू नका." बस्स, एवढंच. एवढ्या वर्षांच्या संसारात ती इतकी गप्प मी पाहिलेली नाही. आज तुझी टर उडवायला काही सुचत नाही.

होसेया


पोर्ट विला, १७ एप्रिल

आतोबांस,

तुमच्या पत्रात एकही टोमणा नव्हता. त्यावरूनच काय ते समजले. आत्याचा नवरा टोमणे मारायचा थांबतो तो घरात दुःख असतं तेव्हा, एवढी रीत मलाही ठाऊक आहे.

नूमेआच्या लोकांना नकाराचं पत्र लिहिलं आणि काल्सनकडे पोस्टात टाकायला दिलं. रेडिओलाही सांगितलं, ते गाणं आता लावू नका. डुकरासाठी सोलाच्या बोटीवरच्या माणसाशी बोलले आहे.

आत्यांना सांगा, मी त्यांच्याकडून गाणं शिकले आणि त्याभोवतीची माणसं शिकायची राहिली. मला फार वाईट वाटतं. पण एक गोष्ट खोटी सांगणार नाही: गिटार मी सोडणार नाही, आणि आपले सूरही सोडणार नाही. दोन्ही एकत्र चांगले लागतात, हे मी कानाने ऐकलं आहे. आता माझी स्वतःची गाणी करीन, म्हणजे कोणाला उगाच रडावं लागणार नाही.

मावीस


मोटालावा, २७ एप्रिल

मावीस,

ही तुझी आत्या बोलते आहे. लिहिताहेत हे. (हात दुखतोय. हो.) मी सांगते तेवढंच लिहा म्हटलं आहे, तरी मध्ये घुसणारच.

मी रागावले असं तुला कोणी सांगितलं? (मी गप्प लिहिलं होतं. रागावली असं लिहिलं नव्हतं.) गप्प होते, कारण विचार करत होते. बाई गप्प बसली की विचार करत असते, हे यांना अजून कळलेलं नाही.

त्या दिवशी राची म्हातारी पाण्यातून उठली आणि मला जिवंत बघूनही रडायची थांबली नाही. रडगाणं सुरू केलं की पुरं करायचं असतं, अर्ध्यात सोडलं तर वाईट. मग मी तिच्याशेजारी बसले आणि माझंच रडगाणं ऐकलं. तिने माझं सगळं आयुष्य सांगितलं. माझं पहिलं बाळ गेलं तेही सांगितलं. त्याचं नाव इतक्या वर्षांत माझ्यासमोर कोणी घेतलं नव्हतं. मावीस, मला फार बरं वाटलं. आपल्या मागे लोक काय बोलतील ते माणसाला कधी ऐकायला मिळतं का? मला तुझ्यामुळे मिळालं. राग कसला येणार?

तिच्या रडण्यात गाण्याच्या जुन्या बोलीतले पुष्कळ शब्द होते. त्यांतले निम्मे मलाही येत नव्हते. ते शिकायला मी राला जात होते. (हे मला आज कळतंय.) तुम्ही विचारलंत कधी? तिच्या सुनेच्या रेडिओवर तुझं गाणंही ऐकलं, तू बंद करायला सांगायच्या आधी. पान टेपरेकॉर्डरवर होतं, सुनेच्या रेडिओवर नव्हतं. ती गिटार सुरू झाली आणि माझे दात शिवशिवले. दुसऱ्यांदा कमी शिवशिवले. आता ती नसली तर गाणं अर्धं वाटेल. तुझी हाळी माझ्याहून वर जाते. ते मला आवडलं नाही, आणि मग फार आवडलं.

आता सिलासचं ऐक. डुक्कर न्यायला त्याने माणसं पाठवली, तेव्हा मी थेट पुरुषांच्या बैठकीच्या घराच्या, नाकामालच्या दारात गेले. आत पुरुष कावाच्या मुळांचं पेय पीत बसले होते. बाईने तिथे जायचं नसतं, पण मेलेल्या बाईला कोण अडवणार? मी म्हटलं, "सिलासदादा, मी मेले की जिवंत आहे ते एकदा ठरवा. मेले असेन तर गाणं रीतीने भाचीचं झालं, ती हवं तिथे गाईल, आणि मेलेल्या बाईकडून दंड घेतात असं मी ऐकलेलं नाही. जिवंत असेन तर माझ्या पाचव्याला तुम्ही दोनदा वाढून घेतलंत, ते आधी परत करा."

सगळे जमिनीकडे बघायला लागले. (मी छपराकडे.) सिलासने हातातली वाटी रिकामी केली. मग म्हणाला, "गाण्यापुरती मेलीस. बाकी जिवंत." आणि आमच्या घरी येऊन स्वतःच्या हाताने पान काढलं. डुक्कर आपल्या कुंपणात आहे, सुखी आहे.

तेव्हा गाणं तुझं. हाळीसकट. नूमेआला हो म्हण.

पण आता माझ्याकडे गाणं नाही. गाणं नसलेल्या बाईला नाचात मध्ये उभं राहता येत नाही, कडेला टाळ्या वाजवाव्या लागतात. मी कडेला टाळ्या वाजवणार नाही. माझं गाणं तुझ्याकडे गेलं, मला नवं करून दे. गावची गाणी करणारा म्हातारा वोलेग होता तेव्हा तो रचायचा. आताचा जो आहे तो म्हणतो, मेलेल्या बाईसाठी रचत नाही. सिलास म्हणाला, "बाईने गाणं रचल्याचं कोणी ऐकलंय? असलं गाणं मैदानात चालायचं नाही." मी म्हटलं, "मेलेल्या बाईने दंड माफ करून घेतल्याचं तरी कोणी ऐकलं होतं?" पण अजून मानलेलं नाही त्याने. आता तू गाणं असं कर की त्याला मानावंच लागेल.

म्हातारीचे शब्द यांना सांगून मागच्या पानावर उतरवले आहेत. (यांना म्हणजे मला. स्पेलिंगची जबाबदारी घेत नाही.)

तुझी आत्या


पोर्ट विला, १४ मे

आत्या,

तुमचं पत्र नळावर उभ्या उभ्या वाचलं. बादली भरून वाहत राहिली, मागच्या बाईने मला कोपराने ढकललं, तरी मी तिथेच. आता तुम्हाला काय लिहू? मला वाटलं होतं तुम्ही मला कधी हाक मारणार नाही.

नूमेआला नकार गेलाच नव्हता. काल्सन म्हणाला, "रागात आणि दुःखात लिहिलेलं तुझं कुठलंही पत्र मी जरा थांबवून ठेवतो." मी त्याला खूप बोलले आणि मग जेवायला घातलं.

गाणं झालं आहे. रचणारे पुरुष थडग्यापाशी झोपतात आणि भुतं त्यांना सूर सांगतात. माझ्याकडे भुतं फिरकली नाहीत. मला तो मिळाला आतोबांच्या पत्रात. तुम्ही गुणगुणत नाही, नुसते ठोके ऐकू येतात, असं त्यांनी लिहिलं होतं. ते पुन्हा पुन्हा वाचलं, तेव्हा त्या ठोक्यांमध्ये किती मोकळी जागा आहे ते कळलं. म्हणून सुरुवातीला नुसतं कुटणं आहे, लाकडी परातीवर, ड्रमही नाही. मग गिटार खालून येते. म्हातारीचे शब्द जसेच्या तसे ठेवले, आणि मध्ये मध्ये आपली आजची बोली:

कोण गेलं गं, चटया कुणासाठी?
थांबा, मीही येते रडायला.
कोण गेलं गं, मला वाट का सोडता?
या, बसा, मी येते वाढायला.

काल्सनला अर्थ सांगितला तर हसला, आणि वाजवताना त्याचे डोळे भरून आले. मला माहीत आहे हे गाणं चांगलं झालं आहे. सिलासकाकांनी काहीही म्हणावं.

नूमेआला आधी तुमचं जुनं गाणं गाईन, हाळीसकट, आता ती माझी आहे. मग हे नवं. पण नव्याची हाळी मी रचलेली नाही. गाणं तुमचं आहे, तुम्ही आहात, मी कशी घालू? मेळ्याचे लोक विचारतात, मग हे संपतं कसं? मी सांगितलं, ते मला संपवता येत नाही. ठोके थांबतील आणि एका लांब श्वासाची जागा मी रिकामी सोडीन. ते म्हणाले, लोकांना वाटेल वीज गेली. म्हटलं, वाटू द्या.

अठ्ठावीस जूनला संध्याकाळी आपला रेडिओ तिथून थेट ऐकवणार आहे. त्या जागेचं काय करायचं ते तुम्ही ठरवा.

तुमची भाची,
मावीस

आतोबांना सांगा, स्पेलिंग भयंकर आहे.


मोटालावा, १ जुलै

डोकेदुखी,

तुझ्या आत्याने सांगितलं, तुम्हीच लिहा, मी काय करायचं ते केलं. म्हणून लिहितो.

घरात माणसं मावेनात, म्हणून रेडिओ नाचाच्या मैदानात नेला आणि खोडावर ठेवला. राची म्हातारी चटई घेऊन आली, यावेळी बसायला. सिलासही आला. मी म्हटलं, "गिटार ऐकायला आलात?" म्हणाला, "हवामान ऐकायला." आणि सगळ्यांत पुढे बसला.

आधी फ्रेंचमध्ये पुष्कळ बोलणं झालं, मग तुझं नाव आलं. जुनं गाणं गायलीस. शेवटी हाळी वर गेली तेव्हा मैदानात कोणी हललं नाही, आणि कोणी रडलंही नाही. म्हातारी फक्त म्हणाली, "चांगल्या हातात गेलं." मला काय वाटलं ते मी लिहिणार नाही. नात्यात बसत नाही.

मग नुसते ठोके सुरू झाले. पोरं एकमेकांकडे बघायला लागली, रेडिओ बिघडला असं त्यांना वाटलं. बायकांना लगेच कळलं. त्या उठल्या आणि कडेने पाय आपटायला लागल्या. तुझी आत्या चालत चालत मधोमध जाऊन उभी राहिली. मी सिलासकडे पाहिलं. त्याच्या भुवया वर गेल्या होत्या. म्हातारीचे शब्द आले तेव्हा म्हातारी स्वतःशीच मान डोलवत होती. पुढे आपल्या बोलीतलं आलं, वाट सोडणारी माणसं आणि वाढणारी बाई, तेव्हा बायका हसल्याही आणि त्यांनी डोळेही पुसले. तिच्या पाचव्याला जेवून गेलेले मोटाचे लोकही आले होते, ते लाजले.

आणि मग ठोके थांबले. रेडिओतून नुसती खरखर. ती काय करणार हे तिने मलाही सांगितलं नव्हतं. तिने डोळे मिटले आणि हाळी घातली. जुनी नव्हती ती. वर गेलीच नाही, खालून गेली, जमिनीला धरून, पार समुद्राकडे. इतकी वर्षं तिच्याबरोबर राहिलो, तो आवाज मी कधी ऐकला नव्हता.

ती संपली आणि रेडिओतून टाळ्या आल्या, पुष्कळ, थांबेचनात. टाळ्या तुला होत्या, हे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. ते तिला कोणी सांगितलं नाही.

लगेच बोलणाऱ्याने पुढचा बँड सांगितला, फिजीचा. त्यांचं जोरात सुरू झालं आणि पोरं नाचायला मध्ये धावली. तेव्हा सिलास काठी टेकत उठला, खोडापाशी गेला आणि त्याने रेडिओ बंद केला. पोरांनी ओरडा केला. तो म्हणाला, "गाणं मिटलं. मालकिणीने मिटवलं, ऐकलं नाहीत? आता मैदानात थांबायचं नसतं." आणि पहिला तोच घरी गेला.

होसेया